चिमीचं फुरसं

संग्रहालयात सगळे तिला धाकटी म्हणत. नोकरीला लागली तेव्हा सगळ्यांत लहान होती, म्हणून. आता केस पिकले, चष्मा लागला, तरी धाकटी ती धाकटीच. तर ही धाकटी सकाळपासून एका मेलेल्या सापाच्या अंगावरच्या खवल्यांच्या रांगा टाचणीच्या टोकानं मोजत बसली होती. चौथ्यांदा मोजल्या, तरी सत्तावीसच.

साप म्हणजे वाळवंटातलं फुरसं. हातभर लांब, वाळूच्या रंगाचं, पण विष असं की वेळेवर औषध मिळालं नाही तर माणूस हातचा जातो. चाळीस वर्षांपूर्वी तिच्या सरांनी अशी तीन फुरशी आणली आणि छापलं, की नेहमीच्या फुरशाला सत्तावीस रांगा, यांना एकोणतीस. म्हणजे ही जात नवी. नव्या जातीला नाव ठेवायचा मान शोधणाऱ्याचा. सरांनी आपल्या मुलीचं ठेवलं.

सर वाळवंटात साप धरत होते, त्याच आठवड्यात सात वर्षांची चिमी तापानं गेली होती. ते परतले तेव्हा दाराशी तिच्या चपला होत्या आणि ती नव्हती. सरांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, तोंडाला कुलूप लावलं ते वर्षभर. लेखात चिमीचं नाव आलं, तेव्हा कुठे त्या नवऱ्याशी बोलल्या. तेव्हापासून चिमीच्या दर वाढदिवसाला काकू संग्रहालयात येत, खुर्ची ओढून बसत, रुमालानं स्पिरिटमधल्या फुरशाची बरणी पुसत आणि धाकटीला विचारत, "चिमी कशी आहे?" त्या फुरशाला कुणी साप म्हटलेलं काकूंना खपत नसे.

वाळवंटातल्या दवाखान्यातून डॉक्टरीणबाईंचं पत्र आलं नसतं, तर ती बरणी कुणी उघडलीही नसती. औषधाच्या बाटलीवर जुन्या जातीचं नाव, आणि पुस्तक म्हणतं की इथली जात वेगळी. मग हे औषध द्यायचं की नाही, हे फोनवर विचारता विचारता अर्धा दिवस गेला आणि फुरसं चावलेली मेंढपाळाची पोरगी गेली. बाईंनी एवढंच विचारलं होतं, की हा साप खरंच वेगळा आहे का?

धाकटीनं सापाला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी उलटी केली. स्पिरिटमध्ये शाई विरघळते, पेन्सिल टिकते, हे सरांनीच तिला पहिल्या दिवशी शिकवलेलं. चिठ्ठीच्या मागे सरांच्याच अक्षरात पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'रांगा २७'. एका खवल्याच्या चुकीसाठी विद्यार्थ्याचं वर्षभराचं काम तोंडावर परत करणारा हा माणूस! गप्प बसावं, झाकली मूठ सव्वा लाखाची, असंही तिच्या मनात आलं. पण पत्रातली ती पोरगी काही डोळ्यांपुढून हलेना.

संध्याकाळी ती सरांच्या घरी गेली. पत्राचं तिनं फोनवर सांगितलंच होतं.

"मोजल्यास?" सरांनी विचारलं.

"हो सर. सत्तावीस."

"तिन्हींच्या?"

"तिन्हींच्या."

सर आपल्याच हाताच्या शिरा चाचपू लागले. "मलाही तेवढ्याच आल्या होत्या," ते म्हणाले. "हळू बोल गं. हिला कळलं तर पुन्हा बोलायची नाही माझ्याशी. या वयात ते मला सोसवायचं नाही."

"मला काय कळायचं राहिलंय?" काकू चहाचे कप घेऊन दारातच उभ्या होत्या. "तुमचे लेख टाइप कोण करत होतं? अबोला धरला होता, डोळे नव्हते मिटले. सत्तावीस खोडून एकोणतीस केलेलं मीच टाइप केलं. दारात आलेल्या माणसाला 'घरी नाही' एवढंही खोटं न सांगणारे तुम्ही. म्हटलं, पोरीसाठी याही माणसाचं काळीज तुटलंय तर. म्हणून तर बोलायला लागले."

सरांनी चष्मा काढला आणि तो कुठे ठेवावा तेच त्यांना सुचेना.

धाकटीनं पत्र पुढे केलं. काकूंनी कप खाली ठेवले आणि ते उभ्याउभ्याच वाचलं.

"केवढी होती?"

"नऊ वर्षांची."

काकू खाली बसल्या. चहा कुणीच घेतला नाही. "मग खरं असेल ते लिही तू," त्या शेवटी म्हणाल्या. "आमची तर गेलीच आहे."

धाकटीनं लिहिलं. दोन्ही जाती एकच ठरल्या, आणि अशा वेळी आधी ठेवलेलं नाव राहतं, नंतरचं जातं. दवाखान्याला तिनं आधी फोन केला, मग बरणीत नवी चिठ्ठी सोडली. जुनीही तशीच राहू दिली. तसा नियमच आहे.

या वाढदिवसाला काकू येणार नाहीत, असं तिला वाटलं होतं. पण आल्या. खुर्ची ओढून बसल्या, रुमालानं बरणी पुसली, काचेतून नवी चिठ्ठी सावकाश वाचली. कशी आहे, असं मात्र विचारलं नाही.

"बारीक आहे गं हा साप," त्या म्हणाल्या. "अगदी एवढासा."

मग रुमालाची घडी घालून त्यांनी खुर्ची जागेवर ठेवली आणि त्या निघाल्या.