बाहेरचे चार दिवस

शिवकन्याने पाण्याची घागर उंबऱ्याबाहेरच ठेवली, खुंटीवरचं पोतं ओढलं आणि ते गोठ्याच्या कोपऱ्यात अंथरून त्यावर बसली.

चुलीपाशी बसलेल्या सासूने, चतुराबाईने, मान वळवली.

"काय गं?"

"कावळा शिवला, आत्याबाई."

म्हणजे आता चार दिवस चूल नाही, पाणी नाही, कुणाला शिवणं नाही. आणि हे साफ खोटं होतं. शिवकन्याला तिसरा महिना लागला होता.

खोट्याचं हसनाबादला वावडं नव्हतं. याच गावात एकाने वाघाला शेपटीला धरून राजूरच्या गणपतीपर्यंत फरफटत नेल्याचं शपथेवर सांगितलं होतं, आणि गावाने ते ऐकून वाघाबद्दल हळहळ व्यक्त केली होती. पण असलं बारीक, मुकाट खोटं तिथेही नवंच.

आधी दोनदा तिने खरं सांगून पाहिलं होतं. पहिल्या खेपेला सासऱ्याने, रखमाजीने, गल्लीभर पेढे वाटले. दुसऱ्या खेपेला शेजारच्या दुर्गाबाईने बाळाचं नावसुद्धा ठरवून टाकलं. दोन्ही खेपा तिसऱ्या महिन्यातच गेल्या. दृष्ट लागली, सगळे म्हणाले. तेव्हा या वेळी दृष्टीला पत्ताच द्यायचा नाही, असं शिवकन्याने ठरवलं. नवरा संपत बदनापूरला नोकरीला, शनिवारी यायचा. त्यालाही सांगितलं नाही. त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. मागच्या महिन्यात तारखेला ती अशीच येऊन बसली होती, आणि बाई बाहेर बसली की तिला कुणी पुढलं विचारत नाही.

गोठ्यात पंचाईत एकच होती, वासाची. एरवी न जाणवणारा गोमूत्राचा वास आता थेट घशात बोट घालत होता. ती वैरणीआड जाऊन ओकायची आणि त्यावर शेण ओढायची. छाती चोळीत ठणकत होती. पितळेचा तांब्या चाटल्यासारखी तोंडाची चव झाली होती. झोप तर अशी, की बैल रवंथ करायचा आणि त्याच्या जबड्याच्या तालावर हिचे डोळे मिटायचे. तरी प्रत्येक मळमळीला ती पोटावर हात ठेवून ओठ हलवायची. राहा. राहा.

दुपारी चतुराबाईने रिवाजाप्रमाणे वरूनच भाकर टाकली. भाकरीवर मीठ लावलेली चिंच होती.

"उरली व्हती. फेकायची म्हून टाकली," ती दुसरीकडेच बघत म्हणाली.

घरातली चिंच होळीलाच संपली होती. शिवकन्याने बोटं चाटली.

दुसऱ्या दिवशी भिंतीवरून दुर्गाबाईचं डोकं आलं.

"काय अक्का, सून याही महिन्यात बाहेरच बसून राह्यली?"

"बसली. क्यालेंडर चुकंल, तिची तारीख बिलकुल चुकायची न्हाई."

"मंग नातवाचं कसं गं व्हायचं?"

"माझ्या नातवाचं मी बघते. तू तुझं दूध बघ, उतू चाल्लं."

दुर्गाबाईची म्हैस दोन महिन्यांपासून आटलेली होती, तरी ती धावत घरात गेली. शिवकन्या तोंडात पदर कोंबून हसली. कितीतरी दिवसांनी.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिची कंबर भरून आली. बसून बसून अवघडली असेल, असं समजून तिने पाय लांब केले. मग ओटीपोटात पीळ पडला. तिने बैलाचं दावं मुठीत घट्ट धरलं. बैलाने मान वळवून तिच्याकडे पाहिलं, पण तो हललाही नाही. जरा वेळाने तिने लुगड्याकडे पाहिलं.

आत चतुराबाई ज्वारी पाखडत होती. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. पण हाक मारून सांगायचं काय? ते तर तिने दोन दिवसांपूर्वीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी चतुराबाई कढत पाणी घेऊन आली.

"ऊठ, डोक्यावरून घे."

शिवकन्या उठली नाही. गुडघे पोटाशी घेऊन ती पोत्यावर आडवी पडली होती.

"आत्याबाई," ती म्हणाली, "आता खरंच बसले."

चतुराबाईने बादली खाली ठेवली.

"कव्हापासून?"

"काल दुपारपासून."

"रगत लई जाऊन राह्यलं का?"

"आता कमी हाये."

चतुराबाई पुढे आली, पोत्यावर टेकली आणि सुनेचं डोकं उचलून तिने मांडीवर घेतलं. तेव्हा कुठे शिवकन्याला रडू फुटलं.

बाजाराची पिशवी घेतलेला रखमाजी दारात येऊन थबकला.

"अगं, शिवलीस की तिला! आता आंघोळ कर अन् जल्दी चूल पेटव. मला राजूरला जायचंय."

"न्हाई. आता मीबी बाहेरच. चार दिस."

"या वयात? गाव हसंल!"

"हसू द्या."

रखमाजीने एकदा सुनेकडे पाहिलं आणि लगेच नजर बैलाकडे वळवली. मग पिशवी खुंटीला अडकवून तो आत गेला. बऱ्याच वेळाने घरातून धूर आला, भांडी पडल्याचे आवाज आले आणि त्यामागून भाकर आली. कडा फाटलेली, एका बाजूने करपून कोळसा झालेली. तिच्या भेगांत जालन्यापासून भोकरदनपर्यंतचे सगळे ओढे दिसत होते. त्याने ती वरून टाकली नाही. वाकून दोघींच्या पुढ्यात ठेवली आणि परत गेला.

चतुराबाईने भाकर मोडली आणि करपलेली बाजू आपल्याकडे घेतली.