कोपरा फाडलेला अर्ज

कार्डाचा कोपरा फाडलेला असला की तोताराम डाकवाला ते पिशवीत ठेवतच नसे. मयताची बातमी ती. ज्या दिवशी कार्ड चोपड्याच्या डाकघरात येई त्याच दिवशी चार कोसांची तंगडतोड करून तो गावात हजर होई आणि उंबऱ्याबाहेर उभा राहून वाचून दाखवी. बाकीची पत्रं मात्र रविवारच्या बाजाराला. सातपुड्याच्या पायथ्याच्या एवढ्याशा गावाला आठवड्यातून एक फेरी पुरे, असा सरकारी नियमच होता. म्हणजे मेलेल्याची खबर धावत यायची आणि जिवंत माणसानं बाजाराची वाट बघायची. ज्याच्या डोक्यातून हा नियम निघाला त्यानं जन्मात कुणाची वाट पाहिली नसणार.

वच्छलाबाईनं पाहिली होती. तिचा एकुलता एक हिलाल लढाईच्या दिवसांत फौजेत गेला. त्रेचाळीस साली त्यानं कार्ड टाकलं की गुरुवारी आमची गाडी जळगावला थांबेल, आई, तू ये. कार्ड सोमवारी चोपड्याला पोचलं आणि तिथंच पडून राहिलं. रविवारी ते तिच्या हातात पडलं तेव्हा ती बाजारात वांगी घेऊन बसली होती. शाळेच्या पितांबर गुरुजींनी वाचून दाखवलं. तोवर हिलालची गाडी कलकत्त्यापलीकडे गेली होती.

पुढच्या पोळ्याच्या सुमाराला ब्रह्मदेशातून त्याच्या सोबत्याचं कार्ड आलं, कोपरा फाडलेलं. तोताराम त्याच मंगळवारी चिखल तुडवत धावत आला. वच्छलाबाई रडली नाही.

"हाई आज कसं ऊनं?" हे कार्ड आजच्या आज कसं आलं, एवढंच तिनं विचारलं.

त्या दिवसापासून बाई पेटली. गावाला रोजची डाक पाहिजे, दुसरं काही नको. गावातली आणखी अकरा पोरं फौजेत होती आणि त्यांच्या आया फक्त रविवारी आया होत्या. गुरुजी अर्ज लिहीत, ती अंगठा उठवी. दिल्लीला व्हाइसरॉयच्या मंडळात टपालखातं सांभाळणारा एक साहेब असे, त्याला पहिला अर्ज गेला. विचार चालू आहे, असं उत्तर आलं. साहेब बदलला, दुसऱ्याला दुसरा अर्ज गेला, त्याचाही विचारच चालू होता. खुर्ची तीच, बूड तेवढं नवं. तिसऱ्यानं तर उत्तराचीही तसदी घेतली नाही.

सेहेचाळीसच्या अखेरीला गुरुजी हातात वर्तमानपत्र घेऊन लगबगीनं आले. "अक्का, आता टपालखात्याला आपला मंत्री आहे. आपला माणूस. तो ऐकेल."

चौथा अर्ज लिहून झाला. वच्छलाबाईनं अंगठा उठवला आणि त्याच हातानं कागदाचा कोपरा टर्रकन फाडला.

"अहो अक्का, अशुभ आहे हे. मंत्र्याला असलं पाठवतात का?"

"मना पोर्‍या मरी गया, ते शुभ व्हतं का? कोपरा फाडा म्हंजे कागद पयस. दिल्लीले बी पयू द्या." फाटक्या कोपऱ्याचं कार्ड कसं पळत येतं, ते तिनं एकदा पाहिलं होतं.

उत्तर यायला नऊ महिने लागले. गावात झेंडा लागून महिना झाला होता, आणि दिवस अर्थातच रविवार होता. गुरुजींनी पाकीट बाजारातच फोडलं आणि वाचता वाचता त्यांचा आवाज बारीक होत गेला. अर्ज फाटलेल्या स्थितीत मिळाला, तरी धड कागदावर नव्यानं करावा. मधल्या काळात मंत्री बदलले असल्यानं तो नव्या मंत्र्यांच्या नावे पाठवावा. खाली झोकदार सही होती. आग लागो त्या सहीला. गोऱ्याला कोपरा कळला नसता तर समजलं असतं, पण ज्यांच्या स्वतःच्या घरी अशी कार्डं येतात त्यांनीही कागद फाटका म्हणून बाजूला सारला होता.

वच्छलाबाईनं ते पत्र गुरुजींच्या हातातून घेतलं, शिक्क्याकडचा कोपरा फाडला आणि पत्र तोतारामपुढे धरलं.

"दिल्लीले वापस धाड. आजच गयं पाहिजे."

तोतारामनं सवयीनंच विचारलं, "कोन मरी गयं, अक्का?"

"खुर्चीवर बठेल शेतस, त्या बठ्ठा."

खुर्चीवर बसलेले एकजात सगळेच मेले, म्हणजे तोतारामला थांबून चालणार नव्हतं. त्यानं पिशवी गुरुजींच्या हवाली केली, पत्र हातातच धरलं आणि बाजार अर्धा टाकून तो चोपड्याच्या वाटेनं पळत सुटला.