पूर्वेकडचा पॅगोडा

माझ्या थोरल्या बहिणीने, बुनसनने, लेकीला चक्क थाप मारली. "युनहा, देवळातल्या जुन्या पॅगोड्याला प्रदक्षिणा घालू. माझे गुडघे बरे होतील." खरं म्हणजे बुनसनच्या ओळखीच्या छेबाईंचा मुलगा तिथे युनहाला बघायला येणार होता; त्याला आमच्यापैकी कुणीच पाहिलेलं नव्हतं. मला हे ठाऊक होतं, म्हणून मलाही ओढून नेलं. घरी राहिले असते तर फोडलं असतं ना!

ठरलं होतं पॅगोड्यापाशी भेटायचं. पण या देवळात पॅगोडे दोन. बुनसनने पूर्वेकडचा धरला. तिथे परांचीपाशी चाळिशीचा एक माणूस ब्रशने दगडावरचं शेवाळ काढत होता.

"बघ, आल्या आल्या सेवेला लागला," बुनसन माझ्या कानात पुटपुटली. मग थेट त्याच्यापुढे जाऊन उभी. "काय हो, याआधी कुठे जमलं होतं का?"

त्याने वर बघून उसासा टाकला. "तीनदा जोडलं, काकू. तिन्ही वेळा निखळलं."

"तीनदा!" बुनसनने माझा दंड आवळला. "दोष कुणाचा?"

"तिचं वय झालंय हो. वरून ठणठणीत, आतून पार पोकळ."

"बाईमाणसाबद्दल असं बोलतात?"

"बाई कसली? वरच्या मजल्याची शिळा ती! तुम्ही तपासणीला आलात ना?"

आधी युनहा हसली. हसता हसता पायरीवरच बसली. "आई, हे तुझे गुडघे होय?"

त्या माणसाचे, म्हणजे पॅगोड्याची डागडुजी करणाऱ्या ब्योंगछानचे, कान लाल झाले. बुनसनने काढता पाय घेतला तो थेट पश्चिमेकडच्या पॅगोड्यापाशी. तिथे छेबाई एकट्याच उकडलेली अंडी सोलत बसल्या होत्या. दाढ दुखतेय म्हणून मुलगा वाटेतच बसमधून उतरला होता. मग दोघींनी अंडी खात आपापल्या पोरांचा मनसोक्त उद्धार केला.

इकडे युनहाने विचारलं, "मी वर येऊन बघू?"

"बूट काढा. आणि खाली बघू नका."

ती तासाभराने उतरली. हात कोपरापर्यंत हिरवे. "मावशी, आतल्या बाजूला जुन्या पाथरवटांच्या छिन्नीच्या रेघा आहेत. बोट फिरवलं की कळतात," एवढंच म्हणाली.

वसंतात शिळा पुन्हा बसवली. त्या समारंभाचं निमंत्रण एकट्या युनहाच्या नावे आलं. ती स्टँडवर पोचली तेव्हा बुनसन नवा पोशाख घालून बसमध्ये खिडकीची जागा धरून बसली होती.