मी धुऱ्यावरचा तुडतुडा

जरा जवळ या. मोठ्याने बोलायचं बळ आता माझ्यात राहिलेलं नाही. अमरावतीच्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या लोखंडी कपाटात, सातव्या पेटीच्या तिसऱ्या ओळीत मी असतो. मी तुडतुडा. तिळापेक्षा थोडा लांब, रंगाने वाळल्या गवतासारखा. कागदाच्या त्रिकोणी कपच्याच्या टोकावर मला गोंदाने चिकटवलंय, कपचा सुईत अडकवलाय आणि सुई थर्माकोलात रोवलीय. बावीस वर्षं झाली. थकलो हो मी.

जन्म माझा तेल्हाऱ्याकडचा. दोन वावरांच्या मधे उंचवटा असतो ना, धुरा म्हणतात त्याला, त्यावरच्या गवतातला. आईने गवताच्या देठाला चीर पाडून अंडी घातली. मी पाच वेळा कात टाकली, तेव्हा कुठे पंख आले. गवताचा रस प्यायचा आणि चाहूल लागली की टुणकन उडी मारायची, एवढाच माझा संसार. चार हातांवर कपाशी उभी होती, पण तिच्याकडे मी कधी ढुंकून पाहिलं नाही. आमच्या ताटात गवतच वाढलेलं.

एके दिवशी कॉलेजातले सर आले. सोबत प्रयोगशाळेतला शिपाई जानराव, हातात कापडी जाळी. सरांनी सांगितलं, "कपाशीवरचे चाळीस तुडतुडे पाहिजेत," आणि ते बाभळीखाली जाऊन बसले. जानराव कपाशीवर जाळी मारत फिरला. ऊन चढलं, सदरा घामाने भिजला, बाटलीत जमले एकतीस. तो धुऱ्यावर उभा राहून पुटपुटला, "सराले काय, सावलीत बसले! हाबी तुडतुडा न् तोबी तुडतुडा. कोन पाहून राहिलं?" आणि गवतावर सपासप जाळी मारली. त्या फटकाऱ्यात मी गेलो.

आता तुम्ही म्हणाल, काय बिघडलं? अहो, सगळं बिघडलं! कपाशीचा तुडतुडा निराळ्या कुळातला, मी निराळ्या. माझ्या मागच्या पायाला घोट्याजवळ एक हलता काटा आहे, त्याच्या पायाला नाही. माणसांना तो साध्या डोळ्यांनी दिसत नाही, हा काय माझा दोष?

जानरावाचं अक्षर मात्र मोत्यासारखं. नखाएवढ्या चिठ्ठीवर त्याने लिहिलं, 'तेल्हारा. कपाशीवर. संग्राहक: जानराव.' ती चिठ्ठी माझ्याच सुईत ओवली. ती खोटी आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण सुईवरच्या किड्याला विचारतो कोण?

मग सुरू झाला अंधार. सर निवृत्त झाले, पुढे वारले. डांबराच्या गोळ्या विरून जायच्या, कुणाला आठवण झाली तर नव्या पडायच्या. शेजारचे दोघे जुन्या कागदांत होणाऱ्या बारीक उवांनी खाल्ले, त्यांच्या सुया तेवढ्या उरल्या. माझा पुढचा एक पाय गळाला. दर साली पाहणीला माणसं यायची, झाकणावरून फडकं फिरायचं आणि कपाट बंद व्हायचं. नोंदवहीत चाळीस नमुने दाखवलेले होते ना, मग झालं.

तीन वर्षांपूर्वी झाकण उघडलं ते इफ्फतने. अकोल्याची पोर, संशोधन करणारी, वय एकतीस. रोज गाडीवर यायची, तोंडाला बांधलेली ओढणी सोडायची आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायची. माझ्या पायाचा काटा तिला पहिल्याच दिवशी दिसला. "या अल्ला, तू इथं कसा?" ती म्हणाली. एकोणीस वर्षांत मला कुणी पहिल्यांदा काही विचारलं होतं. खरं सांगतो, भरून आलं.

मग ओळख पटवणं सुरू झालं. तिच्यापुढे एक जाडं पुस्तक असायचं. त्यात नुसते प्रश्न, आणि दर प्रश्नाला दोन वाटा. काटा पानासारखा की टोकदार? त्याच्या कडेला दात आहेत की नाहीत? कपाळावर कंगोरा एक की दोन? एक एक वाट धरत ती माझ्या वंशापर्यंत पोचली. वंश म्हणजे आडनाव समजा. स्वतःचं नाव कळायला मात्र नराचा मागचा भाग पाहावा लागतो. तो तिने हळूच काढला, कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उकळला, पाहिला आणि इवल्या कुपीत घालून माझ्याच सुईखाली टोचला. आडनाव मिळालं. नाव काही पुस्तकातल्या कुणाशी जुळेना.

तिच्या मार्गदर्शक आचल मॅडम हरखल्या. "इफ्फत, हा वंश कपाशीवर आजवर कुणी नोंदलेला नाही. हे प्रकरण लिही, तुझा प्रबंध उभा राहिला!" इफ्फतने ते लिहिलं, साठ पानं. तिला घाई होती. धामणगाव रेल्वे या गावच्या एका कॉलेजात जागा निघाली होती आणि पदवी हाती असेल तरच मुलाखत होती. सहा वर्षं घरच्यांनी वाट पाहिलेली. सव्वीस तारखेला प्रबंध द्यायचा होता.

पण पोर खोलात शिरणारी. तिने कॉलेजच्या कुंपणाजवळच्या गवतातून माझे भाऊबंद धरून आणले. अर्धे कपाशीच्या रोपावर ठेवले, अर्धे गवतावर, दोन्हींवर कंदिलाच्या असतात तशा काचेच्या चिमण्या झाकल्या. गवतावरचे मजेत राहिले. कपाशीवरचे तिसऱ्या दिवशी मरून पडले. तिने पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच झालं.

"मॅडम, हा कपाशीवरचा वाटत नाही मला."

"लेबलावर काय लिहिलंय?"

"कपाशी."

"मग झालं तर. लेबल असताना आपण कोण शंका घेणार? सव्वीस तारीख विसरू नकोस."

इफ्फतने माझ्याखालची चिठ्ठी पुन्हा वाचली आणि दुसऱ्या दिवशी जानरावाला घेऊन आली. म्हातारा झाला होता. कॉलेज सोडून बारा वर्षं झालेली, हातात काठी. तिने त्याला खुर्चीवर बसवलं.

"जानरावकाका, यातून पाहा."

"मी?" तो बिचकला. "पोरी, तीस वर्सं हे यंत्र म्या पुसलं. यातून पाह्यलं नाई कवा. कोनं पाहूच देल्लं नाई."

त्याने डोळा लावला. त्याचा तो पांढुरका, थरथरता डोळा मला वर दिसत होता. "अबे बापा! याच्या पायाले तं काटा हाय."

"कपाशीच्या तुडतुड्याले नसते, काका. हा कुठं सापडला होता?"

चिठ्ठीवर म्हाताऱ्याचं नाव होतं. साऱ्या कॉलेजात त्याचं नाव लिहिलेलं असेल तर ते आमच्या चिठ्ठ्यांवरच. ते खोटं ठरणार होतं. सांग ना बाबा, मी मनात म्हणत होतो, आता तरी सांग.

"धुऱ्यावर मारली होती जाळी," शेवटी तो म्हणाला. "चाळीस भरत नव्हते. नऊ गवतावरचे घातले. चुकलं माह्यं. तुह्यं काई नुकसान होते का वं याच्यानं?"

इफ्फतने साठ पानांच्या गठ्ठ्याकडे पाहिलं. "होते, काका," ती म्हणाली. "पन सांगतलं ते बरं केलं."

ते साठ पानांचं प्रकरण प्रबंधातून काढलं गेलं. मॅडम आठवडाभर तिच्याशी नीट बोलल्या नाहीत. सव्वीस तारीख गेली, धामणगावची जागाही गेली. फोनवर अब्बांना ती सांगत होती, "छे महिने और, अब्बा." पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. फोन ठेवून तिने तोंड धुतलं आणि पुन्हा कामाला बसली.

आमच्या पेटीत एक रीत आहे. जुनी चिठ्ठी कुणी फेकत नाही, चूक असली तरी. दुरुस्ती नव्या चिठ्ठीवर लिहायची आणि त्याच सुईत खाली ओवायची. इफ्फतने पेन जानरावापुढे धरलं. "काका, तुमीच लेहा."

मोत्यासारखं अक्षर आता वाकडंतिकडं झालं होतं. एक चिठ्ठी बिघडली, दुसरी बिघडली, तिसरी जमली. त्याने ती स्वतःच्या हाताने सुईत घातली आणि मला म्हणाला, "माफ करजो, बापा." बावीस वर्षांचा शीण होता, तो त्या एका शब्दाने अर्धा उतरला. इफ्फतचं जे गेलं, ते मात्र मला भरून देता येत नाही.

माझं नाव अजून लागलेलं नाही. नुसत्या आडनावावर पडून आहे. इफ्फत म्हणते, तेल्हाऱ्याच्या त्याच धुऱ्यावरचे आणखी नर मिळाले तर नावही मिळेल. मिळो न मिळो. तुम्हाला एवढंच विनवतो, कधी ही पेटी उघडलीत तर वरची चिठ्ठी वाचून झाकण लावू नका. खालचीही वाचा. तिथे वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलंय, 'गवतावर. धुरा. चूक माझी. जानराव.'