मीराबाईंच्या फोनमधला जाडा फॉन्ट

मी एक जुना देवनागरी फॉन्ट आहे. फॉन्ट म्हणजे अक्षरांचा ठरलेला घाट. एका स्वस्त फोनच्या पडद्यावर माझे घर. फोन मीराबाईंचा, आणि त्यांचा मुक्काम सिंगापुरात, बिशानमधल्या मुलाच्या फ्लॅटमध्ये.

मित्रांनो, मला मुंबईत एका बाईने आखले. पडदा लहान, वाचणाऱ्याची नजर अधू, हे धरून तिने माझी शिरोरेषा जाड केली आणि अक्षरांची पोटे मोकळी ठेवली, म्हणजे आतली रेघ बुजू नये. देखणा मी नाही. पण वाचता येतो. फॉन्टला दुसरे काय काम असते?

मीराबाई नागपूरला वस्तीतल्या विहारात उतारवयात वाचायला शिकल्या. त्यांनी मला सर्वांत मोठ्या आकारात लावून घेतले. बोट ठेवून त्या बुद्धवंदना वाचत, बातम्या वाचत, केसांच्या तेलाची जाहिरातसुद्धा सोडत नसत. "किती साफ दिसते!" म्हणत. माझे कौतुक झाले ते एवढेच, आणि मला पुरले.

मग मुलाने, धम्मानंदने, त्यांना इकडे आणले. तो तुआसच्या कारखान्यांच्या भागात इंजिनिअर. इथल्या पाट्यांवर चार-चार भाषा असतात, माझे अक्षर कुठेच नाही. मीराबाई इमारतीखाली बाकावर बसून जुनेच पुन्हा वाचत. आम्ही दोघेच.

घरचा ग्रुप होता की! पण त्यात भाषा मराठी आणि अक्षरे इंग्रजी. मीराबाई इथलेच इंग्रजी बोलणाऱ्या नातीपुढे फोन धरत. "आर्या, वाच ना बाळा."

"पप्पा आस्किंग तू जेवलीस का, दॅट्स ऑल लाह. आजी, युवर लेटर्स सो फॅट!"

"जाडी आहेत म्हणून दिसतात तरी. तुझ्या पप्पाच्या नुसत्या मुंग्या."

धम्मानंद म्हणे, "आई, मराठीत टाइप करायला वेळ लागतो गं. एबीसीडी शिकून घे ना आता."

स्पष्ट सांगतो, हा वेळेचा प्रश्न नव्हता. आईसाठी कीबोर्ड बदलायचा कंटाळा होता. पुढे मीराबाईंनी मेसेज वाचून दाखव म्हणणेच सोडले.

यंदा भीमजयंतीच्या कार्यक्रमात इथल्या मंडळींनी मीराबाईंना बोलायला बोलावले होते. उतारवयात अक्षर कसे ओळखले, ते सांगायचे होते. आयुष्यात पहिल्यांदा कोणी त्यांच्या हातात माईक देणार होते. हॉल घराजवळच, मीराबाई मागून चालत येणार होत्या, म्हणून धम्मानंद आणि आर्या सकाळीच तयारीला गेले. दुपारी आयत्या वेळी हॉल बदलला. नवा लांब, शहराच्या दुसऱ्या भागात, वन-नॉर्थजवळ. धम्मानंदने ग्रुपवर टाकले, की शेजारच्या प्रबोधकाकांकडे जा आणि त्यांच्याबरोबर टॅक्सीने ये.

मीराबाईंनी मेसेज उघडला. मुंग्याच. नेहमीचे 'जेवलीस का' असेल, असे त्यांना वाटले. तिकडे धम्मानंदच्या फोनवर निळ्या खुणा उमटल्या. त्याला वाटले, आईने वाचले. मी त्याच फोनमध्ये होतो, मित्रांनो. सगळी अक्षरे घेऊन तयार होतो. मला कोणी बोलावलेच नाही.

कार्यक्रमात वाजू नये म्हणून त्यांनी फोनचा आवाज बंद केला, पांढरी साडी नेसून चालत गेल्या आणि कुलूपबंद दारासमोर बसून राहिल्या. धम्मानंद शोधत आला, तेव्हा तिकडे आभार मानणे चालू होते.

"आई, मेसेज टाकला होता ना! निळी टिकसुद्धा आली. वाचलास की!"

"उघडला होता रे. काहून, उघडलं की वाचलं असं होते का?"

 

घरी येऊन मीराबाईंनी त्या ग्रुपवर बोट दाबून धरले. फोनची आज्ञा माझ्या अक्षरांत उमटली: 'ग्रुपमधून बाहेर पडा'. त्या ग्रुपमध्ये त्यांना स्वतःला वाचता आलेली ही एकच ओळ. त्यांनी ती सावकाश वाचली, आणि दाबली.

मित्रांनो, तुमच्या फोनमध्येही मी आहे, नाहीतर माझा कोणी भाऊबंद. काचेत ठेवून माझी पूजा करू नका. ज्याला फक्त माझेच अक्षर वाचता येते, अशा आपल्या माणसाला माझ्यातून दोन ओळी लिहा. ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर चुकू द्या. 'तू जेवलीस का' एवढेच लिहिले तरी चालेल.

मीराबाईंचा फोन आता वाजत नाही. मी तयार बसलो आहे.