उघडंच होतं

मी मोटारसायकलवर मागे बसणाऱ्याचा पाय ठेवायचा दांडा बोलतोय. डाव्या बाजूचा. दुकानात मला फूटरेस्ट म्हणतात. लोखंडाचा वीतभरही नसलेला तुकडा, वर रबर. कुणी मागे बसणार असेल तर उघडायचं, नसेल तर मिटून ठेवायचं. एवढंच माझं आयुष्य.

पुढच्याच्या हातात हँडल असतं, ब्रेक असतो. मागच्याला काही नसतं. असतो तो मी. म्हणून पाय टेकला की मला माणूस कळतो. घाबरलेला बोटं आवळतो. भरवसा असलेला टाच सैल सोडतो.

माझा मालक वेल्डर. शटर, जिने, खिडक्यांचे गज जोडायचा. मनाने चांगला, तोंडाने फटकळ. त्याच्या आईची मूत्रपिंडं गेली आणि तिला डायलिसिसला नेण्याच्या खेपा सुरू झाल्या. ती एका बाजूला बसायची, दोन्ही पाय माझ्यावर. सुजलेले, जड पाय. माझी स्प्रिंग कडक, तिच्याच्याने मी उघडत नसे.

"अरे, माझी पायरी काढ," ती म्हणायची.

तो वाकून हाताने मला उघडायचा. "घ्या, महाराणी."

"कसली महाराणी! धुवायला चाललेलं धुणं मी."

मग दोघं हसत निघायची. तिची टाच सैल असायची.

एका सकाळी ती दारातच थांबली. "आज नाही येणार मी. पुन्हाही नाही. पुरे झालं."

"पुरे म्हणजे?"

"हात बघ माझे, सुयांनी चाळण झालीय. आणि तूही दमलास."

"मी दमलो म्हणून कुणी सांगितलं तुला? मरायचंय तर मर, पण माझ्या घरात नाही! बस आधी!"

दारात उभ्या सुनेने तोंडावर हात ठेवला. म्हातारी मुकाट्याने चढून बसली. त्याने रागातच गाडी काढली.

मी मिटलेलाच होतो.

ती म्हणाली असती तर तो थांबला असता. रागात होता, तरी थांबला असता. पण तिने पायरी मागितली नाही. तिचे पाय हवेत लोंबत होते. चपलेची कड मला मधूनमधून घासत होती. ती रुसली होती की घाबरली होती, मला कळलं नाही. पाय माझ्यावर नव्हते ना.

बाजाराच्या वळणावर गतिरोधक आला. गाडी उडाली आणि मागचं वजन एकदम गेलं.

माणसं धावली. एक ट्रकवाला ओरडला, "म्हाताऱ्या माणसाला असं नेतात होय रे? फूटरेस्ट तरी उघडलं होतंस का?"

मालकाने माझ्याकडे पाहिलं. चेहरा पांढराफटक. लोक म्हातारीला सावरत होते. त्याने बुटाचं टोक माझ्यामागे घातलं आणि मला खाली ओढलं. खट्.

"हे काय, उघडंच आहे," तो म्हणाला.

म्हातारीची मान याच बाजूला होती. तिने पाहिलं.

"उघडंच होतं," ती म्हणाली. "त्याला बोलू नका. माझाच पाय घसरला."

तिच्या मांडीचं हाड मोडलं होतं. दवाखान्यातून ती परत आली नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तो अंगणात, माझ्यासमोर सांगायचा, पाय घसरला तिचा. दर वेळी आवाज थोडा खाली जायचा.

तेव्हापासून त्याने मला मिटलेलं नाही. खिळीला गंज चढलाय. मागे कुणी बसत नाही. परवा बायको म्हणाली, "अंगात ताप आहे हो. दवाखान्यापर्यंत सोडा ना."

"चालत जा."

"गाडी दारात असून? आत्याबाईंचा पाय घसरला, त्यात तुमचा काय दोष? किती दिवस जाळून घ्याल स्वतःला?"

ती पदर डोक्यावर घेऊन पायी गेली.

बाबांनो, घरात भांडणं व्हायचीच. पण भांडण मनात ठेवून कुणाला मागे बसवू नका. रुसलेलं माणूस काही मागत नाही. त्याच्या पायाखाली आपणच बघायचं असतं.

आणि माझ्या मालका, तुला एक विनवणी. ती गेली, पण तुझी खोटी साक्ष मी अजून देतोय, असा दिवसरात्र उघडा राहून. एकदा बायकोला खरं काय ते सांग. मग तिच्यादेखत मला मिट. फार दुखतं रे.