बिनखटक्याचा पाना

पुढे

पाना अडकला तेव्हा दीड वाजला होता, आणि प्रसूतिगृहाच्या गच्चीवरच्या टाकीत चार वाजेपर्यंत पुरेल एवढंच पाणी होतं.

पंपाच्या झाकणाला सहा बोल्ट. पाच निघून डब्यात पडले होते. सहावा, भिंतीकडचा, सुटत सुटत मागे आला आणि त्याचं डोकं गेल्या वर्षी टाकलेल्या आडव्या पाइपाला जाऊन टेकलं. डोक्याभोवती सतरा नंबरचा कोरा रॅचेट पाना. तो मागे निघेना, कारण मागे पाइप. पुढे सरकेना, कारण बोल्टच्या डोक्याखाली रुंद कड. बोल्ट जरासा परत आत पिळला असता तर सुटका होती. पण हा पाना एकाच बाजूला जोर धरतो, दुसऱ्या बाजूला नुसता कटकट करत मोकळा फिरतो. बाजू बदलायची तर काढून उलटा घालायचा. आणि तेच तर होत नव्हतं.

पंपाचा मिस्त्री खाली फरशीवर बसला. प्रसूतिगृहात त्याला सगळे पाणीवाले काका म्हणत. बावीस वर्षं या खोलीत त्याचा शब्द शेवटचा होता. शेवटचे आटे बोटांनी सोडवायचे, हे त्यानेच कितीकांना शिकवलं होतं. पुढे काही आडवं येत असेल तर ते बोटांना आधी कळतं. आज त्याने बोटं लावलीच नव्हती.

पाइप सोडवायचा तर उरलंसुरलं पाणीही बंद. राहिला एकच मार्ग, बोल्ट कापायचा. हॅक्सॉची चौकट त्या फटीत जाणार नव्हती. नुसतं पातं हातात धरून घासावं लागणार होतं. त्याने पातं चिमटीत धरून पाहिलं. पहिल्यांदा घासतानाच ते हातातून सुटून मोटरीखाली गेलं. काढून पुन्हा धरलं, पुन्हा सुटलं.

मग त्याने घरी फोन लावला. बायकोला एवढंच म्हणाला की शिलाईचं मशीन बंद कर, हॅक्सॉचं नवं पातं घे आणि इकडे ये. काय झालं, असं तिने विचारलं नाही. बावीस वर्षांत त्याने तिला कामावर कधीच बोलावलं नव्हतं.

मागे

पाना चार दिवसांपूर्वी घेतला होता, दोघांनी मिळून. ती दोऱ्याची रिळं घ्यायला निघाली होती, तो तिच्याबरोबर हार्डवेअरच्या दुकानात शिरला. आयुष्यभर त्याने रॅचेटला नावं ठेवली होती, आळशी माणसाचं हत्यार म्हणून. त्यामुळे दुकानदाराने भुवया उंचावल्या आणि काउंटरवर दोन पाने ठेवले.

एकाला मानेशी छोटा खटका. अंगठ्याने ढकलला की बाजू बदलते. दुसरा सपाट, बिनखटक्याचा, डोकं पातळ, अडचणीच्या जागी सहज शिरणारा. दोन्हींना बहात्तर दात. दात जितके जास्त तितका हात कमी हलवावा लागतो, दुकानदार समजावत होता; जागा चार बोटांची असली तरी काम होतं. फक्त शेवटचं आवळणं साध्या पान्याने करायचं, रॅचेटवर अंगाचा भार टाकला तर दात जातात.

बायकोने चाळीस वर्षं कात्र्या पारखल्या होत्या. तिने पाना कानाशी नेला, हळूहळू फिरवला. आवाज एकसारखा येतोय, मध्ये कुठे अडखळत नाही, एवढं ऐकून तिने मान हलवली. मग खटक्याचा पाना त्याच्याकडे सरकवत म्हणाली, "हा घ्या. अडलंनडलं तर बाजू बदलता येते."

त्याने तो हातात घेतला, वजन केल्यासारखा वरखाली केला आणि ठेवून दिला. सपाट पाना उचलला. ठेवला. पुन्हा उचलला.

"माझ्याशी लग्न ठरवताना यांना एवढा वेळ लागला नव्हता," ती दुकानदाराला म्हणाली.

दुकानदार हसला. तोही हसला, आणि खटक्यांना कचरा बसतो, नाजूक प्रकार असतो, असं बरंच काही सांगून त्याने सपाट पाना बांधायला दिला. ती त्याच्या तोंडाकडे पाहत नव्हती. त्याच्या उजव्या हाताकडे पाहत होती. एवढा सगळा वेळ त्याचा अंगठा खटक्याच्या जवळपासही गेला नव्हता.

आणखी मागे

अंगठा तीन महिन्यांपूर्वी गेला. गेला म्हणजे जागेवर होता, दुखतही फारसा नव्हता. फक्त सांगितलेलं ऐकेनासा झाला. आधी किल्ली फिरेना, मग बाटलीचं झाकण. त्याने डाव्या हाताने जेवायला सुरुवात केली आणि विचारलं तर खांदा भरलाय म्हणाला. डॉक्टरकडे तो एकटाच गेला. डॉक्टरने हात उलटासुलटा करून विचारलं, काम काय करता? तो म्हणाला, बसून असतो.

पुढे

ती पंपाच्या खोलीत आली ती चपला दाराशी काढूनच. त्याने नजर चुकवत सगळं सांगितलं: पाइप, पाना, चार वाजताची वेळ. अंगठ्याचं सांगितलं नाही.

तिने नवं पातं पिशवीतून काढलं. अर्ध्याला तिने घरूनच कापडाची पट्टी गुंडाळून आणली होती, आवळून, टाके घालून, धरायला मूठ व्हावी तशी.

त्याने हात पुढे केला. तिने पातं दिलं नाही.

"सरका जरा," ती म्हणाली. "कुठे कापायचं तेवढं दाखवा."

"हे शिवणकाम नाही."

"माहितेय. कापड एवढी कटकट करत नाही."

ती भिंतीला खांदा लावून बसली. तिची बारीक बोटं फटीत सहज गेली. झाकण आणि पाना यांच्यामध्ये बोल्टाचे जेमतेम पाच आटे उघडे होते. तिथे पातं टेकवून ती घासू लागली. पुढे जाताना दाब, मागे येताना हलका हात, असं तो सांगत होता आणि ती तसं करत होती. मधूनमधून तो तेलाच्या डबीतून थेंबभर तेल सोडायचा, डाव्या हाताने. लोखंडाचा भुगा तिच्या साडीवर पडत होता.

निम्मं कापून झाल्यावर ती दम घ्यायला थांबली. बाहेर कुणाचं तरी नुकतं जन्मलेलं मूल रडत होतं.

"अहो, तुमच्या शर्टांना टिचबटणं का लावली, वाटतं तुम्हाला?"

त्याने छातीकडे पाहिलं. महिना झाला असेल. नवी फॅशन आहे, गिऱ्हाइकांची उरलीत, असं ती म्हणाली होती. तळव्याने दाबलं की लागतात, बोटांचं कामच नाही. त्याला सोयीचं वाटलं होतं, पण का सोयीचं वाटतंय याचा त्याने विचार केला नव्हता.

"तेव्हापासून माहीत आहे तुला?"

"त्याच्या आधीपासून. तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते."

ती पुन्हा घासू लागली. त्याने पान्याची दांडी डाव्या मुठीत घट्ट धरली, बोल्ट हलू नये म्हणून. असे ते दोघं वीसेक मिनिटं होते. मग बोल्ट तुटला आणि पाना डोक्यासकट त्याच्या मांडीवर पडला.

त्यानंतरचं काम तिच्या हातांनी आणि त्याच्या तोंडाने झालं. झाकण काढलं, फाटलेली वायसर बदलली, तुटका तुकडा पकडीने काढून तिथे आखूड बोल्ट बसवला. साडेतीनला मोटर सुरू झाली. त्याने पाइपाला कान लावला आणि पाणी वर चढताना ऐकलं.

मेट्रनबाई वही घेऊन आल्या. त्याच्या बायकोला पाहून थबकल्या. पंपाची पुढची देखभाल तीन महिन्यांनी, तारीख लिहू का काका, म्हणाल्या.

"तारीख लिहा," तो म्हणाला. "माणूस दुसरा बघा."

"म्हणजे?"

"हात गेला बाई माझा. आजचं काम हिने केलं." मग थोडं थांबून म्हणाला, "नवा माणूस येईल तेव्हा मला बोलवा. या पंपाच्या खोडी मला सांगता येतील."

मेट्रनबाईंनी पेन उघडलं होतं ते बंद केलं.

आवारातल्या नळावर ती हात धुवायला गेली. तेल निघायला वेळ लागला. तिचं झाल्यावर तिने त्याचा उजवा हात ओढून धारेखाली धरला आणि साबण लावून एकेक बोट चोळू लागली. मागे दोघीतिघी बायका पाणी भरायला बाटल्या घेऊन थांबल्या होत्या. चारचौघांत त्याने तिला कधी हात धरू दिला नव्हता. आज तो काढून घ्यायचं त्याच्या मनात आलं नाही. ती अंगठ्याशी आली, तिथे हळू झाली, नखाच्या कडेचं काळं काढू लागली. मागच्या बायका वाट पाहत उभ्या राहिल्या.